वाफ्याला सुट्टी नसते!

दोस्तांनो, खरं सांगा, डिसेंबरातल्या सकाळी गोधडीतून पाय बाहेर काढायला किती वेळ लागतो? आई तीनदा हाक मारते, आजी "अरे, ऊन डोक्यावर आलं!" म्हणून ओरडते (ऊन अजून कौलांवरसुद्धा आलेलं नसतं!), आणि आपण मात्र आणखीच गुरफटून घेतो. पण त्याच वेळी तुमच्या शाळेच्या परसबागेत किंवा घरामागच्या वाफ्यात मेथी, पालक, मुळा, कोबी रात्रभर उघड्यावर उभे असतात. त्यांना ना गोधडी, ना स्वेटर. सकाळी त्यांची विचारपूस करायला कुणी जायचं? अर्थातच तुम्ही!

"हिवाळ्यात बागेत काम तरी काय असणार?" असं काही जणांना वाटतं. थंड देशांतल्या गोष्टी वाचून ही समजूत होत असावी. इंग्लंडमध्ये शहरातल्या लोकांना भाजी पिकवायला जमिनीचे तुकडे भाड्यानं मिळतात. त्यांना 'अलॉटमेंट' म्हणतात. पूर्ण मापाचा एक तुकडा साधारण २५० चौरस मीटरचा, म्हणजे बॅडमिंटनची तीन मैदानं शेजारी शेजारी ठेवली तर होईल एवढा. पण लंडनमध्ये डिसेंबरातला दिवस जेमतेम आठ तासांचा आणि जमीन कधी कधी गोठून कडक झालेली. मग मंडळी अवजारं घासूनपुसून ठेवतात, जमिनीवर खत पसरतात आणि वसंताची वाट बघतात.

आपल्याकडं अगदी उलटं! महाराष्ट्रात वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा जवळजवळ अकरा तासांचा असतो. ऊन असतं, पण भाजून काढणारं नाही. कोबी, फ्लॉवर, गाजर, मुळा, वाटाणा, मेथी, पालक या सगळ्यांना हीच हवा मानवते. आपल्या वाफ्यासाठी हिवाळा हा झोपेचा नाही, धावण्याचा काळ आहे. आणि धावणाऱ्याकडं रोज लक्ष द्यावं लागतं. हे मला कसं कळलं, त्याची फजिती आधी सांगतो.

सहा जणांचा वाफा

मी सातवीत असताना सरांनी मैदानाच्या कडेला वाफे पाडून दिले होते. सहा मुलांच्या गटाला एक वाफा. आमचा वाफा सगळ्यांत ऐटदार! दिवाळीच्या सुट्टीनंतर कोबीची रोपं लावली, कडेनं मेथी पेरली. कोण कुणाला कोबीचा पहिला गड्डा दाखवणार, यावर पैजासुद्धा लागल्या.

मग डिसेंबरात गॅदरिंग आलं. नाटकाच्या तालमी, पताका, लेझीम! मला वाटलं, पाणी दुसऱ्यानं घातलं असेल. दुसऱ्याला वाटलं, तिसऱ्यानं घातलं असेल. आठवड्यानं जाऊन बघतो तर कोबीची पानं आकसलेली. पान उलटलं, तर खाली करड्या रंगाचा मावा गच्च बसलेला. शेजारचा वाफा मात्र हिरवागार, आणि तो होता पाचवीच्या पोरांचा! "तुम्ही काय औषध मारलं रे?" असं आम्ही विचारलं. त्यांच्यातला एक जण म्हणाला, "काही नाही. प्रार्थनेच्या आधी रोज बघून जायचो."

त्या वर्षी आमच्यापैकी एकानंही कोबीचा गड्डा घरी नेला नाही. सहा जणांचा वाफा शेवटी कुणाचाच नव्हता. तेव्हापासून मी एक गोष्ट गाठीला बांधली : वाफ्याला रविवारचे दोन तास नको असतात, रोजची दहा मिनिटं हवी असतात. आता त्या दहा मिनिटांत काय काय करायचं, ते पाहू.

आधी पान उलटून बघा

सकाळी वाफ्याशी गेलात की लगेच झारी उचलू नका. आधी नुसतं बघा. पाचसहा पानं उलटून बघा, कारण शत्रू बहुतेक वेळा पानाच्या खालीच दडलेला असतो.

आमच्या कोबीचा फडशा पाडणारा मावा म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढा मऊ किडा. पण त्याची करामत ऐका! माव्याची मादी बहुधा अंडी घालत बसत नाही, नराचीही वाट बघत नाही. ती सरळ जिवंत पिल्लांनाच जन्म देते. ती पिल्लं आठदहा दिवसांत स्वतः पिल्लं देऊ लागतात. म्हणजे आज दिसलेल्या दहा किड्यांचे पुढच्या आठवड्यात किती होतील, याचं गणित तुम्हीच करा. आज दिसले तर बोटानं चिरडून किंवा पाण्याच्या धारेनं उडवून काम भागतं. आठवडा गेला, की ते आपल्या हातात राहत नाही.

फार झाला असेल तर निंबोळी अर्क करा. निंबोळीच्या बियांची ५० ग्रॅम पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळायची आणि संध्याकाळी पानांच्या खालून फवारायची. संध्याकाळीच का? कारण उन्हानं त्याचा गुण लवकर उतरतो. फवारताना मोठं माणूस सोबत असू द्या, डोळे सांभाळा, आणि फवारलेली भाजी नीट धुतल्याशिवाय खाऊ नका.

एक सूचना मात्र विसरू नका. मावा असतो तिथं लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा फिरताना दिसेल. तो आपला दोस्त! तो मावा खातो. त्याची अळी दिसायला अगदी वेगळी, चिमुकल्या काळ्या मगरीसारखी. तिच्या अंगावर नारिंगी ठिपके असतात. "ई, अळी!" म्हणून पुष्कळ जण तिलाच आधी मारतात. तसं करू नका. तीही माव्यावरच जगते.

बोटाची परीक्षा

आता पाणी. हिवाळ्यात ऊन सौम्य, त्यामुळे ओल बराच वेळ टिकते. रोज बदाबदा पाणी ओतलं तर मुळं गुदमरतात. मग कळायचं कसं? बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओलसर लागलं तर आज सुट्टी, कोरडं लागलं तर पाणी द्या. काळी माती ओल धरून ठेवते, मुरमाड माती लवकर सुकते. म्हणून शेजाऱ्याचं बघून पाणी घालू नका, आपल्या बोटाला विचारा.

पाणी शक्यतो सकाळीच आणि बुंध्याशी द्या. संध्याकाळी पानं भिजली तर रात्रभर ओलीच राहतात आणि बुरशीचं फावतं.

जिवावर येणारं काम

हे काम करताना हात थरथरतो. गाजर, मुळा दाट उगवले की मधली मधली रोपं उपटायची. याला विरळणी म्हणतात. "आपणच पेरलं आणि आपणच उपटायचं?" असं मनात येतं. मीही एकदा दया दाखवली होती. तीन महिन्यांनी गाजरं काढली, तर उंदराच्या शेपटासारखी! प्रत्येक रोपाला पोसायला जागा लागते. गाजरात तीन बोटं, मुळ्यात चार बोटं अंतर ठेवा. पाणी दिल्यानंतर उपटा म्हणजे शेजारच्या रोपाची मुळं दुखावत नाहीत. उपटलेला मुळ्याचा कोवळा पाला आईला द्या. थालीपिठात झकास लागतो.

विरळणी झाली की खुरपं घ्या. तण लहान असतानाच काढलं तर दोन बोटांत निघतं, मोठं झालं की भाजीच्या मुळांना घेऊन येतं. खुरपता खुरपता कोबी-फ्लॉवरच्या बुंध्याशी माती चढवा. त्यामुळे जड गड्डा कलंडत नाही.

फ्लॉवरचं आणखी एक लाडाचं काम असतं. मधे लिंबाएवढा पांढरा गड्डा दिसला की त्याचीच पानं वर घेऊन सैलसर बांधायची. उन्हात राहिला तर गड्डा पिवळट पडतो, टोपीत राहिला की पांढराशुभ्र!

रिकामी जागा ठेवू नका

एकदम सगळी मेथी पेरली तर एकदम सगळी तयार होते. मग घरात आठवडाभर मेथीच मेथी, आणि पुढं महिनाभर काही नाही! म्हणून दर दहा दिवसांनी एकेक पट्टा पेरा. मेथी महिन्याभरात काढणीला येते. कोथिंबीर पेरताना धने चपलेखाली हलकेच रगडून घ्या, कारण एका धन्यात दोन बिया असतात. मग रात्रभर भिजत घाला. उगवायला आठदहा दिवस लागतात, तेव्हा चौथ्या दिवशी माती उकरून बघू नका!

पालक मात्र उपटायचा नाही. बाहेरची पानं दोन बोटं देठ ठेवून कापा. तो पुन्हा फुटतो आणि तीनचार वेळा भाजी देतो. तोडणी सकाळीच करा. रात्रभरात पानांत पाणी भरलेलं असतं, म्हणून भाजी टवटवीत राहते.

सावलीचा खेळ

ऑक्टोबरात उन्हात असलेला वाफा डिसेंबरात सावलीत गेला, असं झालंय का कधी? हा प्रयोग करून बघा. २१-२२ डिसेंबरच्या सुमाराला भर दुपारी एक मीटरची काठी सपाट जागी उभी करा. तिची सावली उत्तरेकडं पडेल, आणि जवळजवळ काठीएवढीच लांब असेल! जूनमध्ये हीच सावली काठीच्या पायाशी आलेली असते. म्हणजे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो. म्हणून भिंतीच्या उत्तरेला अगदी लागून भाजी लावू नका.

कडाक्याची रात्र

आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि चांदण्या लखलखीत, अशी रात्र आली की सावध व्हा. ढग असले की ते जमिनीसाठी पांघरुणाचं काम करतात. ते नसले की दिवसाची ऊब भराभर वर निघून जाते. नाशिक जिल्ह्यातलं निफाड अशा थंडीसाठी प्रसिद्ध आहे. तिथले शेतकरी द्राक्षं वाचवण्यासाठी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात तर कधी कधी पानांवरचं दव गोठून पांढरं होतं.

तुमच्या वाफ्याला शेकोटीची गरज नाही. चार काठ्या रोवा आणि जुनी साडी किंवा पोतं वरून पसरा, पण पानांना टेकू देऊ नका. सकाळी ऊन आलं की काढून ठेवा. अशा दिवशी एरवीचा नियम मोडून संध्याकाळी मातीला थोडं पाणी द्या. ओली माती कोरड्या मातीपेक्षा ऊब जास्त धरते. कोवळी रोपं, टोमॅटो आणि वांगी यांना आधी झाका, ही मंडळी जास्त नाजूक. गाजराला मात्र थंडीचं भय कमी. थंडी वाढली की ते आपल्यातली साखर वाढवतं आणि गोठण्यापासून स्वतःला वाचवतं. हिवाळ्यातलं गाजर जास्त गोड लागतं ते उगीच नाही!

आता एक कागद घ्या

एवढं सगळं वाचून "बापरे, किती कामं!" असं वाटलं ना? पण ही सगळी कामं एका दिवशी नसतातच. आज पानं बघा, उद्या चार तणं काढा, परवा पाणी. फक्त रोज जायचं, एवढंच. शाळेचा वाफा असेल तर एका कागदावर वार लिहा आणि प्रत्येक वारापुढं एकच नाव लिहा. दोन नावं नकोत! गॅदरिंग असो की सहल, ज्याचा वार त्यानंच जायचं. नाताळच्या सुट्टीचे दिवसही त्यात धरा. आता कितीतरी शाळांत परसबागेतली भाजी दुपारच्या खिचडीत पडते. तुमचा वार चुकला तर कुणाच्या तरी ताटातली मूठभर भाजी कमी होते, हे ध्यानात ठेवा.

आणि घरचा वाफा असेल तर जानेवारीत संक्रांतीच्या आदल्या दिवसावर नजर ठेवा. भोगी! बाजरीची तीळ लावलेली भाकरी, लोण्याचा गोळा आणि भोगीची भाजी. तिच्यात हरभऱ्याचे सोलाणे, वालपापडी, वांगी, गाजर सगळं पडतं. दसऱ्याच्या सुमाराला पेरलेलं गाजर तोवर तयार झालेलं असतं. आई भाजी चिरायला बसली की धावत जा, वाफ्यातलं एक गाजर उपटा, धुवा आणि तिच्या पुढ्यात ठेवा.

आमच्या त्या सहा जणांना हे जमलं नाही. तुम्हाला नक्की जमेल. उद्या सकाळी आईनं पहिली हाक मारली की उठायचं, बरं का!