संघर्षग्रस्त देशांतील भूक आणि सामाजिक संरक्षण : येमेनचा अनुभव

प्रस्तावना

संयुक्त राष्ट्रांनी सप्टेंबर २०१५ मध्ये शाश्वत विकासाची सतरा ध्येये स्वीकारली. त्यांतील दुसरे ध्येय २०३० पर्यंत जगातील भूक संपविण्याचे आहे. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात येमेन या अरबी द्वीपकल्पातील सर्वांत गरीब देशात अंतर्गत संघर्षाला व्यापक युद्धाचे रूप आले आणि कोट्यवधी माणसे उपासमारीच्या काठावर जाऊन पोहोचली. युद्ध चालू असताना गरिबांच्या घरातील चूल पेटती ठेवता येते काय, हा या घटकातील मुख्य प्रश्न आहे. येमेनच्या उदाहरणातून आपण त्याचा विचार करू.

१. भूक आणि क्रयशक्ती

भूक म्हटले की ओसाड शेते आणि रिकामी कोठारे आपल्या डोळ्यांसमोर येतात. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' या ग्रंथात ही समजूत तपासून पाहिली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून त्यांनी दाखविले, की बाजारात धान्य असूनही माणसे उपाशी मरू शकतात. कारण ते धान्य मिळविण्याचे त्यांचे साधन, म्हणजे मजुरी, जमीन, व्यवसाय किंवा शासनाकडून मिळणारा आधार, नष्ट झालेले असते. सेन यांनी याला 'हक्कदारी' अशा अर्थाची संज्ञा वापरली आहे.

येमेनला हे विवेचन नेमके लागू पडते. हा देश आपल्या गरजेच्या गव्हापैकी सुमारे ९० टक्के गहू बाहेरून आणतो. युद्धकाळातही बंदरांतून धान्य येत राहिले आणि अनेक शहरांतील दुकानांत पिठाची पोती दिसत होती. ती विकत घेण्याइतका पैसा मात्र लोकांच्या हाती उरला नव्हता.

२. सामाजिक संरक्षण म्हणजे काय?

वार्धक्य, वैधव्य, अपंगत्व, बेरोजगारी किंवा आपत्ती यांमुळे ज्यांचे उत्पन्न खंडित होते, त्यांना शासनाने नियमित व खात्रीचा आधार देणे, यास सामाजिक संरक्षण म्हणतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१२ मध्ये केलेल्या शिफारशीनुसार प्रत्येक देशाने आपल्या लोकांसाठी अशा संरक्षणाचा किमान पाया घालावा, अशी अपेक्षा आहे. येथे 'नियमित' हा शब्द महत्त्वाचा आहे. आपत्तीनंतर वाटलेले धान्य ही मदत होय. ठरलेल्या काळाने, ठरलेल्या व्यक्तीला, ठरलेली रक्कम मिळणे हे संरक्षण होय.

येमेनमध्ये १९९६ साली 'समाजकल्याण निधी' स्थापन झाला. विधवा, वृद्ध, अपंग, अनाथ आणि अतिगरीब कुटुंबांना त्यातून दर तीन महिन्यांनी रोख रक्कम मिळे. आपल्याकडील संजय गांधी निराधार अनुदान योजनेशी त्याची तुलना करता येईल. युद्धापूर्वी सुमारे १५ लाख कुटुंबे या निधीच्या यादीत होती.

३. युद्धाने नेमके काय मोडले?

सप्टेंबर २०१४ मध्ये हुथी गटाने राजधानी साना ताब्यात घेतली. मार्च २०१५ मध्ये सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील आघाडीने हवाई हल्ले सुरू केले. त्याच सुमारास समाजकल्याण निधीचे वाटप थांबले. ज्यांना आधाराची सर्वाधिक गरज होती त्यांचा आधार नेमका गरज वाढताना गेला.

सप्टेंबर २०१६ मध्ये मध्यवर्ती बँकेचे मुख्यालय सानाहून एडनला हलविण्यात आले. त्यानंतर सुमारे १२ लाख सरकारी नोकरांपैकी बहुतेकांचे पगार रखडले. शिक्षक, परिचारिका, कारकून अशा घरांत पगारावर घरातील माणसेच नव्हे, तर गावाकडील नातेवाईकही अवलंबून असतात. पगार थांबला तेव्हा वाण्याची उधारी थांबली आणि मग वाण्याचाही धंदा बसला. चलनाची किंमतही घसरली. युद्धापूर्वी एका डॉलरला सुमारे २१५ रियाल मोजावे लागत. २०२१ मध्ये एडनच्या बाजूच्या प्रदेशात हा दर १,००० च्या पुढे गेला.

संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२१ अखेरपर्यंत या युद्धाने ३ लाख ७७ हजार बळी घेतले. त्यांतील सुमारे ६० टक्के मृत्यू उपासमार, रोगराई, वैद्यकीय सेवेचा अभाव अशा अप्रत्यक्ष कारणांनी झाले. गोळीने मेलेल्यांपेक्षा मोडलेल्या व्यवस्थेने मेलेल्यांची संख्या अधिक होती, हे येथे लक्षात घ्यावे.

४. जुन्या यादीचा आधार

२०१७ मध्ये जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने युनिसेफने येमेनमध्ये आपत्कालीन रोख हस्तांतर प्रकल्प सुरू केला. मदत कोणाला द्यायची, हा पहिलाच पेच होता. देशात दोन सत्ता होत्या. नवी पाहणी करायची म्हटली, तर प्रत्येक नावावरून वाद उभा राहिला असता. त्यामुळे युद्धापूर्वीची समाजकल्याण निधीची यादी आहे तशी स्वीकारण्यात आली. ती संघर्षापूर्वीची असल्याने दोन्ही बाजूंना मान्य होण्याजोगी होती. स्थानिक बँकांमार्फत, ओळख पटवून, रक्कम थेट लाभार्थ्याच्या हाती देण्यात आली. या मार्गाने सुमारे १५ लाख कुटुंबांपर्यंत, म्हणजे जवळपास ९० लाख लोकांपर्यंत पैसा पोहोचला.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. शांततेच्या काळात तयार झालेली यादी, बँकेची शाखा आणि वाटपाची सवय या बाबी युद्धकाळात नव्याने उभारता येत नाहीत; असलेल्या असतील तर त्या वाचविता येतात.

५. रोख रक्कम की धान्य?

बाजार चालू असेल तेथे रोख रक्कम अधिक उपयोगी ठरते. कुटुंब आपल्या गरजेप्रमाणे पीठ, औषध किंवा पाणी विकत घेते आणि स्थानिक दुकानदारही तगतो. परंतु रस्ते बंद असलेल्या ठिकाणी नुसत्या नोटांनी पोट भरत नाही. ताइझ शहराची अनेक वर्षे कोंडी झाली होती. अशा जागी प्रत्यक्ष धान्यच न्यावे लागते. चलन कोसळत असेल, तर आज ठरविलेली रक्कम काही महिन्यांत अपुरी पडते. म्हणून रक्कम वाढत्या भावाशी जोडणे आवश्यक असते.

धान्यवाटपही वादातीत नसते. २०१९ मध्ये धान्य अन्यत्र वळविले जाण्याच्या तक्रारींवरून जागतिक अन्न कार्यक्रमाने साना परिसरातील मदत काही आठवडे अंशतः थांबविली होती. डिसेंबर २०२३ मध्ये निधीची टंचाई आणि लाभार्थी निवडीवरील मतभेद यांमुळे उत्तरेकडील सर्वसाधारण वाटप पुन्हा स्थगित झाले. यादी कोणाच्या हाती, यावर भाकरी कोणाच्या हाती हे ठरते.

६. महाराष्ट्राशी तुलना

१९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्र शासनाने मोठ्या प्रमाणावर दुष्काळी कामे काढली. मे १९७३ मध्ये ५० लाखांच्या जवळपास मजूर या कामांवर होते. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा संमत झाला. तिच्या खर्चासाठी नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविण्यात आला. पीक बुडाले, पण मजुरी मिळाली. म्हणून धान्य घेण्याची ताकद काही अंशी टिकली.

मात्र महाराष्ट्रात तेव्हा एकच शासन होते, कर गोळा होत होता, तहसील कचेरी उघडी होती आणि विधिमंडळात व वृत्तपत्रांत जाब विचारणारे लोक होते. येमेनमध्ये यांपैकी बहुतेक गोष्टी मोडल्या होत्या. म्हणून तेथे खर्चाचा भार बाहेरच्यांनी उचलला. बाहेरचा पैसा मात्र देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असतो, आणि हीच त्याची दुबळी बाजू होय.

७. मर्यादा

जुन्या यादीत युद्धामुळे नव्याने गरीब झालेले शिक्षक नव्हते, घर सोडून पळालेली कुटुंबेही नव्हती. शिवाय सामाजिक संरक्षण युद्ध थांबवू शकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २४ मे २०१८ रोजी ठराव क्रमांक २४१७ संमत करून उपासमारीचा युद्धतंत्र म्हणून वापर करण्याचा निषेध केला. बंदर अडविणे, शेते व पाण्याचे साठे उद्ध्वस्त करणे यांवर खरा उपाय राजकीय आहे. रोख मदत तो उपाय होईपर्यंत माणसे जिवंत ठेवते. हे काम लहान नाही. पण त्याला शांततेचा पर्याय समजणे चूक ठरेल.

सारांश

संघर्षग्रस्त गरीब देशांत भूक केवळ पिकांच्या नाशाने येत नाही. पगार, चलन, रस्ते आणि आधारयोजना कोलमडल्याने येते. युद्धापूर्वी उभारलेली संरक्षण व्यवस्था टिकवून ठेवल्यास तिच्याद्वारे लाखो कुटुंबांपर्यंत पोहोचता येते. तथापि नव्या गरजूंचा समावेश, रकमेचे मूल्य आणि निधीचे सातत्य हे प्रश्न सोडवावे लागतात.

स्वाध्याय

१. बाजारात धान्य असूनही उपासमार कशी होऊ शकते, ते येमेनच्या आधारे स्पष्ट करा.
२. युद्धापूर्वीची लाभार्थी यादी वापरण्याचे फायदे व तोटे सांगा.
३. तुमच्या गावातील एखाद्या निराधार लाभार्थ्याला अनुदान मिळेपर्यंत ते किती टप्प्यांतून जाते, याची माहिती घ्या. त्यांतील कोणता टप्पा मोडला असता घरातील अन्न सर्वप्रथम कमी होईल, यावर दहा ओळी लिहा.