चावडी, ठाणे आणि नगरपंचायत : पालमच्या कारभाराची ओळख

पालमच्या बाजारपेठेतून जाताना एखाद्या विद्यार्थ्यास दोन प्रश्न विचारून पाहावेत. घरी चोरी झाली तर कोठे जावे, आणि गल्लीतील गटार तुंबले तर कोठे जावे? पहिल्याचे उत्तर बहुधा तत्काळ मिळेल. दुसऱ्याच्या उत्तरात पाटील, तलाठी, आमदार, ओळखीचे कोणी तरी अशी अनेक नावे येतील. ह्यात मुलाचा दोष नाही. ज्या गावात कित्येक पिढ्या सर्व कामे एकाच चावडीवर चालली, तेथे कामांचे वाटे कसे व का पडले, हे समजावून सांगितल्याखेरीज उमजत नाही.

गोदावरीच्या दक्षिणेकडील हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. पहिले सालारजंग ह्यांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदीची पद्धत सुरू केली, आणि त्याच सुमारास संस्थानात पोलिसांचे खाते उभे राहिले. जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, पोलिसांवर मोहतमीम आणि ठाण्यावर अमीन अशी ही उतरंड होती. गावात मात्र खरा अंमल वतनदारांचा असे. वसुली माली पाटलाकडे, बंदोबस्त पोलीस पाटलाकडे आणि दप्तर पटवाऱ्याकडे. हे तिन्ही अधिकार वंशपरंपरेने चालत आणि तिघांची बैठक बहुधा एकाच चावडीत भरे. ज्यांच्याविरुद्ध गाऱ्हाणे, त्यांच्याच पुढे ते मांडावयाचे, असा प्रसंग गरीब कुळावर वारंवार येई.

त्यात भाषेची अडचण होती. सरकारी कामकाज उर्दूत चाले. मराठी बोलणारा शेतकरी ज्या कागदावर अंगठा उमटवी, तो त्याला वाचता येत नसे. फिर्याद, मुद्देमाल, जामीन, शिपाई, हवालदार, फौजदार हे फारसी-अरबी वळणाचे शब्द आजही मराठीत रुळलेले आहेत. शिक्षकांनी ते फळ्यावर लिहून त्यांचे अर्थ विचारल्यास भाषेचा आणि इतिहासाचा पाठ एकाच वेळी होईल.

रझाकारांच्या धामधुमीत संस्थानी पोलिसांवरील लोकांचा विश्वास पार उडाला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. ह्या मोहिमेस ‘पोलीस कारवाई’ म्हणतात, म्हणून ती पोलिसांनी केली असे मुले समजतात. ती लष्कराने केली, हे स्पष्ट सांगावे. त्या काळात आणि त्यानंतरच्या दिवसांत दोन्ही समाजांतील अनेक निरपराध माणसांना सोसावे लागले, हेही लपवू नये. कायद्याचे रक्षण सर्वांना सारखे मिळाले पाहिजे, हा धडा त्यातूनच घ्यावयाचा आहे.

पुढे कामांचे वाटे क्रमाक्रमाने पडले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९५८ च्या अधिनियमाने ग्रामपंचायतींना पाणी, दिवाबत्ती, स्वच्छता ही कामे मिळाली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. त्याच दशकात वंशपरंपरागत पाटीलकी संपली. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमानुसार पोलीस पाटील हा शासनाने नेमलेला सेवक झाला. पूर्वी गंगाखेड तालुक्यात असलेले पालम पुढे स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण झाले. १९९३ मध्ये अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, खेड्यातून शहराकडे झुकणाऱ्या गावांसाठी नगरपंचायतीची तरतूद केली. त्यानुसार पालमची ग्रामपंचायत जाऊन तेथे नगरपंचायत आली.

येथे एक मुद्दा विशेष ध्यानात घ्यावयाचा आहे. अमेरिकेतील कित्येक लहान नगरांत पोलीस दल हे त्या नगराचेच असते. त्याचा खर्च व त्याच्या प्रमुखाची नेमणूक नगरसभेच्या हाती असते. आपल्याकडे तसे नाही. पालमचे पोलीस ठाणे परभणीच्या पोलीस अधीक्षकांच्या आणि त्यांच्यामार्फत राज्य शासनाच्या अधीन आहे. नगराध्यक्ष ठाणेदाराला हुकूम देऊ शकत नाही. उलट नगरपंचायतीचे नगरसेवक मतदारांनी निवडलेले असतात आणि मुख्याधिकारी शासनाने नेमलेला असतो. म्हणून गटार, नळ, रस्त्यावरील दिवा, जन्म-मृत्यूची नोंद ही कामे नगरपंचायतीची. चोरी, मारहाण, हरवलेले मूल ही ठाण्याची. आठवडी बाजारात दुकाने कोठे मांडावीत हे नगरपंचायत ठरविते. तेथे हाणामारी झाली तर पोलीस येतात.

ठाण्याची पायरी चढण्याची भीती अद्याप पुष्कळ घरांत आहे आणि तिचे मूळ वर सांगितलेल्या इतिहासात आहे. ती घालविण्याचा उपाय म्हणजे हक्कांचे ज्ञान. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली असता ती नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार खबर देणाऱ्यास ती वाचून दाखवावी लागते आणि तिची प्रत विनामूल्य द्यावी लागते. अंगठा उमटविणाऱ्या आजोबांना जे मिळाले नाही, ते शाळेत शिकणाऱ्या नातवाला कायद्याने मिळाले आहे. मात्र त्याला ते ठाऊक असले पाहिजे.

ह्या ज्ञानाचा उपयोग दूरचा नाही. वर्गातील एखादी मुलगी एकाएकी शाळेत येईनाशी होते आणि तिचे लग्न ठरल्याची कुजबुज कानी येते. अशा वेळी १०९८ ह्या क्रमांकावर किंवा पोलिसांच्या ११२ वर वेळेत दिलेली एक खबर तिचे शिक्षण वाचवू शकते. कोठे सांगावे हे माहीत नसल्यामुळे कित्येकदा कोणीच सांगत नाही.

परिसर अभ्यासाच्या तासाला शिक्षकांनी पुढील उपक्रम करून पाहावा. पूर्वपरवानगी घेऊन वरच्या वर्गांतील मुलांना ठाणे आणि नगरपंचायत ही दोन्ही कार्यालये दाखवावीत. खेड्यातील शाळांनी ग्रामपंचायत पाहावी आणि पोलीस पाटलास वर्गात निमंत्रित करावे. परत आल्यावर प्रत्येक मुलाकडून आपल्या गल्लीतील एका खऱ्या अडचणीचा अर्ज लिहून घ्यावा. तो कोणाच्या नावे लिहावयाचा हे मुलाने स्वतः ठरवावे. मायना बरोबर साधला, म्हणजे हा पाठ समजला असे मानण्यास हरकत नाही.