हेरवाडचा ठराव आणि सातबाऱ्यावरचे नाव

कोल्हापूर - राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला ६ मे २०२२ रोजी शंभर वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी सकाळी दहा वाजता शाहूनगरी शंभर सेकंद स्तब्ध उभी राहिली. स्मृतिशताब्दीनिमित्त व्याख्याने, प्रदर्शने, मिरवणुका असे बरेच काही झाले. तथापि, त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, कर्नाटकच्या सीमेलगत असलेल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने जे केले, ते या सर्वांहून महाराजांच्या विचारांच्या अधिक जवळ जाणारे होते. पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, हातातील बांगड्या फोडणे आणि पायातील जोडवी काढणे या प्रथा गावात बंद करण्याचा ठराव तेथील ग्रामसभेने संमत केला.

सुरगोंडा पाटील हे त्या वेळी हेरवाडचे सरपंच होते. या ठरावामागील मूळ कल्पना मात्र सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्याची. तेथील महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी कोरोनाच्या काळात एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीच्या वेळी त्याच्या पत्नीवर झालेली सक्ती पाहिली. आपल्या मृत्यूनंतर आपल्या पत्नीवर असा प्रसंग आणू नये, असे त्यांनी मुद्रांक कागदावर प्रतिज्ञापत्र करून लिहून ठेवले आणि ग्रामपंचायतींनी असे ठराव करावेत, असे आवाहन केले. हेरवाडने ते प्रथम उचलले. त्यापाठोपाठ हातकणंगले तालुक्यातील माणगावनेही तसाच निर्णय घेतला. १९२० मध्ये शाहू महाराज आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या परिषदेत एका व्यासपीठावर आले, ती याच माणगावात भरली होती. ग्रामविकास खाते त्या वेळी कागलच्या हसन मुश्रीफ यांच्याकडे होते. मे महिना संपण्यापूर्वीच या खात्याने परिपत्रक काढून राज्यातील सर्व ग्रामपंचायतींना हेरवाडचे अनुकरण करण्याचे आवाहन केले.

ठराव म्हणजे कायदा नव्हे. ग्रामसभेने संमत केलेला ठराव मोडणाऱ्याला दंड करण्याचा अधिकार अशा बाबतीत ग्रामपंचायतीला नाही. पोलिसांत तक्रार नोंदवावी, असे कलमही त्यातून निर्माण होत नाही. शिवाय या प्रथा पार पाडणारे हात बहुधा घरातल्या आणि भावकीतल्या स्त्रियांचेच असतात. त्यामुळे 'ठरावाने काय होणार?' असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. त्याचे प्रामाणिक उत्तर असे, की ठरावाने नकार देण्यासाठी एक आधार मिळतो. अंत्ययात्रेच्या गर्दीत एखाद्या मुलीला आपल्या आईच्या बांगड्या फोडू द्यायच्या नसतील, तर 'गावानेच बंद केले आहे' एवढे वाक्य तिच्या हाती येते. आजवर तेही नव्हते.

प्रथा घरातली, परिणाम चावडीवर

विधवा प्रथेची चर्चा बहुतेक वेळा मानहानीच्या अंगाने होते आणि ते योग्यच आहे. तथापि, तिची दुसरी बाजू सार्वजनिक जीवनाची आहे आणि तिच्याकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही.

कोल्हापूर शहरात किंवा जिल्ह्यातील कोणत्याही मोठ्या गावात संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदी-कुंकवाचे कार्यक्रम चालतात. एके काळी ते घराच्या ओसरीवर होत. आता त्यांना मांडव लागतो, ध्वनिक्षेपक लागतो, पैठणीचे खेळ होतात आणि व्यासपीठावर निवडणुकीतील इच्छुकांची छायाचित्रे असतात. स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांसाठी निम्म्या जागा राखीव झाल्यापासून स्त्री मतदार आणि स्त्री उमेदवार यांची गाठ पडण्याचे हे एक प्रमुख ठिकाण झाले आहे. ओळखी येथे होतात, बचत गटांच्या प्रमुख येथे भेटतात, कोणाच्या गल्लीत पाणी येत नाही हे येथे कळते. ज्या स्त्रीच्या कपाळी कुंकू नाही, तिला या मांडवाचे आमंत्रण नसते. असलेच तर ती स्वतःच मागे राहते. उमेदवारी अर्जावर वैधव्याचा रकाना नाही, हे खरे. पण अर्जापर्यंत पोहोचण्याची वाटच ज्या मांडवातून जाते, तेथे तो रकाना आहे. अलीकडे काही मंडळांनी आणि ग्रामपंचायतींनी विधवांसह हळदी-कुंकू करण्यास सुरुवात केली आहे. ही गोष्ट वरकरणी दिसते तितकी किरकोळ नाही.

याहून गंभीर बाब कागदपत्रांची आहे. पतीच्या मृत्यूनंतर स्त्रीने काही काळ घराबाहेर पडू नये, चार माणसांत मिसळू नये, असा दंडक आजही अनेक घरांत पाळला जातो. नेमक्या याच काळात तिने बाहेर पडणे कायद्याच्या दृष्टीने सर्वाधिक गरजेचे असते. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावयाची असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ नुसार वारसाने मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यावयाची असते. (तलाठी या पदाला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी असे नाव मिळाले आहे, गावात अर्थातच अजून तलाठीच म्हणतात.) बँकेतील ठेव, विम्याचा दावा, दूध संस्थेतील आणि साखर कारखान्यातील सभासदत्व, सेवा सोसायटीचे कर्ज, या सर्वांची हालचाल याच आठवड्यांत होते. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला असेल, तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून वारसांना दोन लाख रुपये मिळू शकतात. त्याचीही कागदपत्रे याच काळात जमवावी लागतात.

सुतकाचे दिवस आणि कागदपत्रांचे दिवस असे एकाच वेळी येतात. पत्नी घरात बसते आणि कचेरीत दीर, सासरे किंवा भाऊ जातो. तो प्रामाणिक असेल तर प्रश्न येत नाही. नसेल, तर वर्षभराने सातबाऱ्याचा उतारा हाती पडतो, तेव्हा जमीन दिराच्या नावे 'एकत्र कुटुंब मॅनेजर' म्हणून लागलेली असते, किंवा कोऱ्या कागदावर म्हणून घेतलेली सही हक्कसोडपत्राच्या तळाशी निघते. तीन महिने उलटले म्हणून वारसाहक्क बुडत नाही, नोंद नंतरही होऊ शकते, हे तिला सांगणारे त्या घरात कोणी नसते.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेने हे चित्र एकाच वेळी हजारो घरांत उभे केले. कमावता पुरुष अचानक गेला आणि तिशी-पस्तिशीतील स्त्रियांवर बँकेच्या, सावकाराच्या आणि तहसील कार्यालयाच्या पायऱ्या चढण्याची वेळ आली. राज्य शासनाने २०२१ मध्ये 'मिशन वात्सल्य' सुरू करून तालुकास्तरावर समित्या नेमल्या, त्या याच अनुभवातून. त्या पायऱ्या चढताना मोकळे कपाळ आणि रिकामे हात प्रत्येक खिडकीवर तिची ओळख तिच्याआधी सांगत असतात.

गादी सांभाळणाऱ्या विधवा

कोल्हापुरात हा विषय निघाला की इतिहासाचा दाखला टाळता येत नाही; आणि तो दाखला गंमतीचा आहे. ज्या गादीचा अभिमान हे शहर मिरवते, ती गादी दोन विधवांनी उभी केली आणि राखली. छत्रपती राजाराम महाराजांचे १७०० मध्ये सिंहगडावर निधन झाले, तेव्हा महाराणी ताराबाई अवघ्या पंचवीस वर्षांच्या होत्या. त्यांनी औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत सात वर्षे मराठ्यांचा लढा चालविला आणि पुढे १७१० मध्ये पन्हाळ्यावर स्वतंत्र गादी स्थापन केली. दुसरे संभाजी १७६० मध्ये वारल्यानंतर त्यांच्या पत्नी जिजाबाई यांनी अज्ञान दत्तक पुत्राच्या नावे १७७३ पर्यंत करवीरचा कारभार पाहिला. मुलूखगिरी, तह, वसुली यांतील कोणत्याही कामासाठी त्यांचे वैधव्य आड आले नाही. आड येत होते ते सामान्य घरातील स्त्रीच्या.

शाहू महाराजांना हा प्रश्न प्रथम आपल्या राजवाड्यातच भेटला. त्यांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी यांचे जून १९१८ मध्ये शिकारीच्या वेळी अपघाती निधन झाले. विवाहाला जेमतेम वर्ष झाले होते आणि पत्नी इंदुमती या अवघ्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. राजघराण्याच्या रीतीने त्यांचे आयुष्य पडद्याआड संपले असते. महाराजांनी वाड्यातील विरोध न जुमानता सोनतळी येथे त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. विधवा पुनर्विवाहाच्या नोंदणीचा कायदा त्यांनी त्याआधीच, १९१७ मध्ये संस्थानात लागू केला होता. तर १९१९ मध्ये स्त्रियांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचे पाऊलही १९१७ मधलेच. पुनर्विवाहाची नोंद आणि मुलीच्या शाळेची नोंद एकाच वर्षी सक्तीच्या कक्षेत आणणारा हा राज्यकर्ता स्त्रीच्या प्रश्नाकडे दयेपेक्षा दप्तराच्या मार्गाने पाहत होता, असे म्हणावयास हरकत नाही.

आधुनिक राजकारणाने मात्र ताराबाईंचा धडा अर्धाच घेतला. चंदगडचे आमदार बाबासाहेब कुपेकर यांच्या निधनानंतर २०१३ च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी संध्यादेवी विधानसभेत गेल्या. कोल्हापूर उत्तरचे आमदार चंद्रकांत जाधव डिसेंबर २०२१ मध्ये वारले आणि त्यांच्या पत्नी जयश्री जाधव यांना मतदारांनी १६ एप्रिल २०२२ रोजी विजयी केले. हेरवाडची ग्रामसभा त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत भरली. या दोन्ही निवडी मतदारांनी केलेल्या आहेत, त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु पतीच्या रिकाम्या जागेवर पत्नीला बसविण्यात पक्षांना कधी अशुभ वाटले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सहानुभूतीच्या लाटेत वैधव्य ही पात्रता ठरते. पती आमदार नव्हता, एखाद्या गुऱ्हाळात कामगार होता, तर तेच वैधव्य लग्नमंडपात दाराशी थांबविण्याचे कारण होते.

कायदा कुंकू विचारत नाही

हिंदू वारसा कायदा १९५६ पासून लागू आहे. त्यानुसार मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाची पत्नी ही पहिल्या वर्गातील वारस असून तिचा हिस्सा मुलगा, मुलगी आणि मृताची आई यांच्या बरोबरीचा असतो. कलम १४ नुसार ती त्या हिश्शाची पूर्ण मालक होते. तो तिला तहहयात वापरापुरता मिळत नाही. १८५६ च्या पुनर्विवाह कायद्यात दुसरे लग्न केल्यास पहिल्या पतीची मालमत्ता सोडण्याची अट होती. ती आता राहिलेली नाही. पतीचा वारसा मिळाल्यानंतर विधवेने पुनर्विवाह केला तरी मिळालेला हिस्सा जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले. 'दुसरे घर केले, आता हिस्सा कसला?' हे वाक्य गावोगाव ऐकू येते, पण त्याला कायद्याचा आधार नाही.

उत्पन्नाचे साधनच नसलेल्या विधवांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिची रक्कम २०२३ मध्ये दरमहा एक हजारावरून दीड हजार रुपये करण्यात आली. उसाच्या पट्ट्यात भांगलणीला जाणारी स्त्री याहून अधिक कमावते. अनुदान आवश्यक आहे. मात्र नावावर असलेल्या वीस गुंठ्यांची बरोबरी ते करू शकत नाही, कारण त्या वीस गुंठ्यांवर सोसायटीचे कर्ज मिळते, कारखान्याला ऊस घालता येतो आणि सभासद म्हणून वार्षिक सभेत हात वर करता येतो.

ग्रामसभेतील हात वर करण्याचीही सोय कायद्याने केलेली आहे. प्रत्येक नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेणे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाने बंधनकारक केले आहे. या सभा अनेक ठिकाणी केवळ इतिवृत्ताच्या वहीत होतात, ही गोष्ट ग्रामसेवकांनाही ठाऊक आहे. त्या खरोखर भरल्या, तर गावातील किती विधवांची वारसनोंद प्रलंबित आहे, ही यादी वाचून दाखविण्याची तीच योग्य जागा आहे. हेरवाडसारखा ठराव करणाऱ्या ग्रामपंचायतींची संख्या २०२५ पर्यंत साडेसात हजारांच्या पुढे गेल्याचे या मोहिमेतील कार्यकर्त्यांनी सांगितले होते. राज्यातील एकूण ग्रामपंचायती सुमारे २७ हजार. ठरावांना कायद्याचे बळ द्यावे, ही मागणीही तेव्हापासून होत आहे.

नव्या कायद्याची वाट न पाहता, पती हयात असतानाच करता येण्याजोगे एक काम मात्र जुनेच आहे. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने शेतकऱ्यांना आपल्या जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करण्याचे आवाहन करून 'लक्ष्मी मुक्ती' अभियान चालविले होते. शासनाने १९९२ मध्ये त्याला योजनेचे रूप दिले. तीनुसार पतीने स्वतःच्या हयातीत तलाठ्याकडे अर्ज केल्यास सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून पत्नीचे नाव लागते. त्यासाठी तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन दस्त करावा लागत नाही. अर्जावर सही पतीची लागते.