केळीचा पैसा कुठवर पोचला? सावद्याचा मागोवा

जळगाव जिल्ह्यातल्या सावद्यात पैसा नाही असे कोणी म्हणणार नाही. बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीचे मळे आहेत, गावात दुमजली बंगले आहेत, भरलेले ट्रक उत्तर भारताकडे निघतात. पण घड कापणाऱ्या आणि गाड्या भरणाऱ्या टोळ्या राहतात ती घरे पत्र्याची किंवा कुडाची. जोहान्सबर्गची विषमता सांगताना सँडटनचे टॉवर आणि शेजारची अलेक्झांड्रा वस्ती दाखवतात. मध्ये फक्त एक महामार्ग. सावद्यात ही रेघ सातबाऱ्यावर आहे. पावणेदोनशे वर्षांत तिच्या दोन्ही बाजूंना बरेच बदलले, पण रेघ पुसली गेली नाही.

1852 मध्ये इंग्रजांच्या महसुली मोजणीला सावदा, रावेर, चोपडा या भागात कडवा विरोध झाला. सरकारने पुढाऱ्यांना पकडून तो मोडला. मोजणी झाली, शेताला नंबर पडला आणि खातेदाराचे नाव लागले. नाव लागलेल्याला पुढे कर्जाचे तारण मिळाले. त्याला सावकाराचा जाचही भोगावा लागला, हे खरे. ज्याचे नाव लागले नाही, त्याच्याकडे गहाण टाकायलाही हातांपलीकडे काही नव्हते. 1860 च्या दशकात भुसावळ–खंडवा लोहमार्ग झाला. पुढे याच मार्गाने केळीच्या वॅगन दिल्लीला जाऊ लागल्या आणि बागायतदाराला दूरची बाजारपेठ मिळाली.

डिसेंबर 1936 मध्ये सावद्याच्या शेजारी फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, आणि धनाजी नाना चौधरींसारखे इथलेच कार्यकर्ते ते उभे करण्यात राबले. तिथे मंजूर झालेल्या शेतीविषयक कार्यक्रमात सारा आणि खंड कमी करणे, कर्जाचा भार हलका करणे यांबरोबर शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी कायद्याने मिळावी, हेही कलम होते. स्वातंत्र्यानंतर 1948 चा कूळकायदा आला, त्याच वर्षी किमान वेतनाचा कायदा आला, 1961 मध्ये कमाल जमीनधारणेची मर्यादा आली. कुळांना जमिनी मिळाल्या. सालदार मात्र कूळ नव्हता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्षाचा करार, हाती उचल, पुन्हा पुढच्या आखाजीला हिशेब, असे त्याचे चक्र चालत राहिले.

नंतर विजेचे पंप आले आणि जमिनीइतकेच पाणीही मालमत्ता झाले. 1990 च्या दशकात ठिबक आणि ऊतिसंवर्धित ग्रँड नैन रोपे आली. दीड वर्षाचे पीक वर्षभरात येऊ लागले, घडाचे वजन वाढले. 2016 मध्ये जळगाव केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. तांदलवाडीसारख्या गावांतून माल आखातात जाऊ लागला. हे कष्टाचे आणि हुशारीचे यश आहे, त्याला नाके मुरडण्यात अर्थ नाही. पण प्रत्येक नव्या गोष्टीला आधी भांडवल लागले, आणि भांडवल उभे राहिले सातबाऱ्यावर. विहिरी आटल्या तेव्हा ज्याला परवडले त्याने शेकडो फूट कूपनलिका नेली. ज्याला परवडले नाही त्या लहान शेतकऱ्याची बाग मोडली. रावेर-यावल तालुक्यांतला भूजलाचा अतिउपसा सरकारी अहवालांत वर्षानुवर्षे नोंदला जातो आहे. मे-जूनच्या वादळात केळी आडवी झाली, तर विमा नोंदलेल्या खातेदाराला निघतो. तोंडी बोलीवर बटाईने करणाऱ्याला भरपाईचा कागद मिळवणे अवघड, आणि पुढची कापणीच बुडालेल्या टोळीचा तर त्यात उल्लेखही नसतो.

मजुराचे काहीच बदलले नाही, असे मात्र नाही. सालदारी ओसरली, रोजाचे दर वाढले, रेशन आणि आश्रमशाळा सातपुड्याच्या पाड्यांपर्यंत गेल्या. तडवी, पावरा, भिल्ल घरांतली काही मुले नोकरीला लागली, काहींनी स्वतःचा टेम्पो घेतला. म्हणजे बांधिलकी सैल झाली, पण मालमत्ता आली नाही. मजुरीवर घर चालते, त्यातून शेत घेता येत नाही. बागायतीचे भाव मजुरीपेक्षा कितीतरी वेगाने चढले.

2021 ने हे उघडे करून दाखवले. त्या वर्षी सावद्याहून केळी घेऊन किसान रेल दिल्लीच्या आदर्शनगरला धावली. त्याच वर्षी फेब्रुवारीत यावल तालुक्यातल्या किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक उलटला आणि त्यावर बसून परतणारे 15 मजूर दगावले. त्यात रावेर तालुक्यातल्या आभोडा आणि केऱ्हाळ्याची माणसे होती, बायका-मुलेही होती. फळासाठी स्वतंत्र गाडीची सोय झाली होती. ते तोडणाऱ्यांना घरी यायला फळांच्या ढिगाशिवाय दुसरी जागा नव्हती.

जमिनीचे फेरवाटप आता कोणी करणार नाही, हे मान्य करूनच बोलू. तरी केळीच्या हिशेबात मजूर धरता येतो. बागायतदारांच्या संस्था, व्यापारी आणि बाजार समिती यांनी टोळ्यांची नोंदणी करावी, प्रत्येकाचा अपघात विमा उतरवावा, मालावर माणसे बसवणाऱ्या गाडीला भाडे देऊ नये. क्विंटलमागे थोडासा आकार बाजूला काढला तरी याचा खर्च निघेल. फैजपूरच्या ठरावाला 2036 मध्ये शंभर वर्षे होतील. निदान तोवर एवढे तरी करून दाखवावे.