मूल सांभाळणाऱ्या बाईची सुट्टी : मेहेरबानी की हक्क?

गेल्या महिन्यात एका रविवारी आमच्या कार्यालयात एक तरुण जोडपे आले. दोघेही आपल्याच समाजातले, शिकलेले, नोकरीवाले. तो बँकेत अधिकारी, ती सरकारी खात्यात. घरात दहा महिन्यांचे बाळ आणि बाळाला सांभाळायला सकाळी नऊ ते संध्याकाळी सात एक बाई. पगार महिना 13,000 रुपये, रविवारी सुट्टी. या बाईने भावाच्या लग्नासाठी गावी जायला आठ दिवस मागितले होते. जोडप्याचा प्रश्न सरळ होता. "वकीलसाहेब, जाऊ तर द्यावंच लागेल. पण आठ दिवसांचा पगार कापला तर कायद्यात बसतं का?"

आम्ही सांगितले, बसते. आणि तेच तर दुखणे आहे!

कारखान्यातल्या कामगाराला पगारी रजेचा हक्क आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, तो लागू असलेल्या ठिकाणी, वर्षाला आठ किरकोळ रजा, आठ सणांच्या पगारी सुट्ट्या आणि 240 दिवस भरले की दर वीस दिवसांमागे एक अशी भरपगारी रजा आहे. घरात राबणाऱ्या बाईला यातले काहीच नाही. 2008 साली राज्याने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला; त्यात नोंदणी आहे, मदतीच्या योजना आहेत, पण मालकाने रजा किती द्यायची याचे बंधन नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, तर त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेने 'उद्योग' या शब्दाच्या व्याख्येतून घरगुती सेवा स्पष्टपणे वगळली. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2011 साली घरकामगारांसाठी 189 क्रमांकाचा करार केला, त्यात आठवड्याला सलग चोवीस तास विश्रांती सांगितली आहे. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण तो स्वीकारून अंमलात आणला नाही. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायदा करण्याचा विचार व्हावा म्हणून समिती नेमायला केंद्राला सांगितले. आपल्या महाराष्ट्रात तर 1980 सालीच पुण्यातल्या मोलकरणींनी संप करून पगारी सुट्टी मागितली होती. तेव्हा कायदा येईल तेव्हा येईल. तोवर बाईच्या रजेचा कायदा करणारे आपणच. विधिमंडळ म्हणजे आपले स्वयंपाकघर.

हे सगळे आम्ही वकिलीच्या खुर्चीवर बसून सांगत होतो. पण सांगताना 2010 साल आठवले आणि जीभ जरा अडखळली.

तेव्हा आमची मुलगी दोन वर्षांची होती. जवळच्या वस्तीतली एक बाई तिला सांभाळायला येत असे. मुलगी तिला मावशी म्हणे. पगार 2,500 रुपये. त्या ऑक्टोबरात आम्ही सहकुटुंब नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो, नातेवाइकांकडे राहिलो, सहा दिवस घर बंद होते. महिना भरल्यावर सहा दिवसांचे 500 रुपये कापले. काम झाले नाही, तर पैसे कशाचे? पुढच्याच महिन्यात मावशीच्या मुलाला टायफॉइड झाला, ती नऊ दिवस आली नाही. आणखी 750 रुपये कापले. दोन महिन्यांत मिळून अर्धा पगार. आणि याच दिवसांत आम्ही कामगार न्यायालयात एका कंत्राटी सफाई कामगाराच्या थकलेल्या रजावेतनासाठी मोठ्या तावातावाने युक्तिवाद करीत होतो!

मावशी भांडली नाही. पैसे मोजून कमरेच्या पिशवीत ठेवता ठेवता एवढेच म्हणाली, "त्ये सहा दिस मी घरीच व्हते की साहेब. तुमी म्हनला असता तर आले असते."

हे वाक्य कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात नव्हते, पण त्यात पुरा कायदा होता. आपण गावाला जातो तो आपला निर्णय. कारखानदाराने आपल्या सोयीने कारखाना बंद ठेवला तर आपण काय म्हणतो? कामगार हजर होता, काम द्यायचे तुमच्या हातात होते, पगार टाका. मग घराचे दार बंद करताना हा न्याय कुठे जातो? आम्ही 1,250 रुपये परत केले. माफी मात्र मागितली नाही. तेवढा मोठेपणा तेव्हा अंगी नव्हता.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, हे आपण दर 14 एप्रिलला भाषणात सांगतो. त्या काळात 1945 च्या कारखाना दुरुस्ती कायद्याने वर्ष भरलेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवसांची पगारी रजा मिळाली, हे मात्र क्वचितच सांगतो. आज बँकेतला आपला भाऊ रजेचा अर्ज टाकतो, त्यामागे ही लढाई आहे. आणि त्याच्याही फार आधीची गोष्ट. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थ मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : नोकराच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, चांगलेचुंगले वाटून खावे आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी. विहारात हे सुत्त ऐकताना आपण माना डोलावतो. घरी आल्यावर बाईला सुट्टी मागताना चाचरावे का लागते?

तर मग ठरवायचे कसे? आमचे पहिले म्हणणे असे, की रजा बाईने मागितल्यावर ठरवू नये, तिला कामावर ठेवतानाच ठरवावी आणि कागदावर लिहावी. मागितल्यावर दिलेली ती मेहेरबानी. आधी ठरलेली तो हक्क. आठवड्याची एक सुट्टी पगारातच धरलेली. सणाचे आठ दिवस, आणि ते कोणते हे तिने सांगायचे. तिचे सण आपले असतीलच असे नाही. आजारपण व अडचणीसाठी आठ. आणि वर्ष भरले की वीस दिवसांमागे एक या हिशेबाने साधारण पंधरा. आपण सहलीला, गावाला, अधिवेशनाला गेलो तर ते दिवस तिच्या रजेत मोजायचे नाहीत आणि पगारातून कापायचेही नाहीत. रजेच्या आठ दिवसांत रविवार आला तर तो तिचा साप्ताहिक सुट्टीचा, म्हणजे रजा सातच. उरलेल्या रजेचे पैसे देताना 26 ने भागावे. ग्रॅच्युइटीच्या हिशेबात महिन्याचे दिवस 26 च धरतात. 13,000 चा रोज 500 होतो.

आजारपणाच्या रजेबद्दल थोडे जास्त बोलले पाहिजे. कारण इथे काम फरशी पुसण्याचे नाही, अंगाखांद्यावर मूल खेळवण्याचे आहे. पगार कापला जाईल या भीतीने बाई अंगात ताप असताना येते, तोंडाला पदर लावून बाळाला भरवते, आणि चार दिवसांनी बाळाला घेऊन दवाखान्यात आपण. तीन दिवसांचे पैसे वाचवले कोणी आणि कोणाचे?

दुसरी गोष्ट बदलीची. "सुट्टी घे, पण बदली देऊन जा", असे सर्रास सांगतात. बाई बदली कुठून आणणार? स्वतःच्या शाळकरी मुलीला पाठवते. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला 2006 पासून बंदी आहे, हे त्या घरातल्या सुशिक्षितांना ठाऊक नसते का? आपले मूल सांभाळायला तिच्या मुलीची शाळा बुडवायची, हा सौदा आपल्या समाजाने तरी करू नये. बदली शोधणे मालकाचे काम.

इथे नवरा मध्येच म्हणाला, "साहेब, पण एवढ्या रजा दिल्या तर हिला किती रजा टाकाव्या लागतील?" आम्ही विचारले, तुम्हाला बँकेत किती रजा आहेत? तो गप्प. बायको हसली, पण ते हसणे काही बरे नव्हते. बाईची सुट्टी हा दोन बायकांमधला प्रश्न आहे असे पुरुषांनी परस्पर ठरवून टाकले आहे. आई रजा टाकते, तिची किरकोळ रजा संपते, चिडचीड बाईवर निघते. बाप सकाळी दाढी करून कामावर. बाळाचे आडनाव मात्र त्याचे!

परवडत नाही, ही तक्रारही खोटी नाही. सगळ्यांच्या घरी दोन पगार नसतात. काही भगिनी स्वतः परिचारिका, अंगणवाडी सेविका आहेत, त्यांच्या तुटपुंज्या मिळकतीतून बाईचा पगार जातो. त्यांनी रजा थोड्या कमी ठरवाव्यात, पण ठरवाव्यात, आणि बाईला समोर बसवून ठरवाव्यात. 2020 च्या टाळेबंदीत पगार कापू नका असा केंद्राचा आदेश निघाला, तो उद्योगांना आणि दुकानांना होता. घरांचे नाव त्यात नव्हते. तेव्हा ज्यांच्याकडे आधीचा शब्द होता त्यांच्याकडे तो निदान आठवून देता आला. बाकीच्या बाया फाटकाबाहेर उभ्या राहिल्या.

जोडप्याने आमच्याच टेबलावर कागद लिहिला. भावाच्या लग्नाचे आठ दिवस, रविवार वजा जाता सात, भरपगारी. त्यांतले चार दिवस बाप घरी राहणार, तीन दिवस आई. सणांच्या सुट्ट्यांपुढे त्यांनी आपणच गणपती, दिवाळी असे लिहायला घेतले, तेव्हा आम्ही पेन थांबवले. बाईला विचारा म्हटले.

परवा त्या ताईंचा फोन आला. बाईने सात दिवस सांगितले आहेत. त्यात एक तिच्या मुलाच्या दहावीच्या निकालाचा आहे. आठवा मागून सांगते म्हणाली, म्हणून ती ओळ अजून कोरी आहे.