चोरीला गेलेले दोन जीबी

मी कला शाखेची विद्यार्थिनी. संगणकाच्या पोटातील गोष्टींवर मी लेख लिहावा याचे वर्गातील मैत्रिणींना हसू येईल, हे मला ठाऊक आहे. परंतु गेल्या वर्षी मी एका माणसावर चोरीचा आळ घेतला आणि त्या आळाचा निकाल लावता लावता या विषयात शिरले. जे थोडेफार हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे. चूकभूल विज्ञान शाखेच्या सरांनी पदरात घ्यावी.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. रेवदंड्याच्या बाजूला आमचा कोळीवाडा. आई मासळी विकते. १ जूनची मासेमारी बंदी लागण्याआधी तिने भिशीचे पैसे उचलले आणि मला एक वापरलेला लॅपटॉप घेऊन दिला. दुकानदाराने पावतीवर '८ जीबी रॅम' असे लिहिले होते. घरी येऊन पाहते तो पडद्यावर अक्षरे : ८ जीबी, त्यांपैकी वापरण्याजोगी ५.९ जीबी. मी आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "आठाचे पैसे घेतले नि सहापण भरत नाय? वजनात मारलं गो त्याने!" दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्या माणसाला चोर म्हटले. तो बिचारा नुसता मशीन उघडून दाखवीत राहिला. कारण त्यालाही सांगता येईना.

पेणला संगणक दुरुस्तीचे काम करणारा माझा मावसभाऊ आहे. त्याने ऐकले आणि कपाळावर हात मारला. "अगं, ते दोन जीबी तुझ्या पडद्याने घेतलेत!"

पडद्याने म्हणजे कसे? साधा हिशेब करू. पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात; म्हणजे एकूण २०,७३,६००. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ४ बाइट धरले तर एका चित्राला सुमारे ८३ लाख बाइट लागतात. हे चित्र सेकंदाला ६० वेळा वाचून पडद्यावर पाठवायचे असते. शिवाय प्रत्येक खिडकीचे, अक्षराचे, व्हिडिओचे चित्र आधी कोठेतरी तयार व्हावे लागते. महागड्या यंत्रांत ग्राफिक्स कार्डाला स्वतःची वेगळी मेमरी असते. आमच्यासारख्या यंत्रांत ती नसते. मग विंडोज सुरू होण्याआधीच यंत्रातील बायोस मुख्य रॅममधून एक तुकडा कापून ग्राफिक्सच्या नावे करून ठेवते. माझ्या यंत्रात तो २ जीबींचा होता. गंमत अशी की, इंटेलच्या ग्राफिक्ससाठी लिनक्समध्ये जो ड्रायव्हर आहे, त्यात अशा तुकड्याला खुद्द इंजिनिअरांनीच 'स्टोलन मेमरी' हे नाव दिले आहे. स्टोलन म्हणजे चोरलेली! आईचा शब्द अगदीच चुकला नव्हता, फक्त चोर दुसरा होता.

लिनक्सची संहिता सर्वांना वाचायला खुली आहे, हे मला भावाकडूनच कळले. डिक्शनरी मांडीवर घेऊन तिच्यातील टिपा वाचू लागले, तेव्हा ध्यानात आले की, मेमरी ही एकच एक वस्तू नाही. तिच्या जाती आहेत, आणि कोणती वस्तू कोणत्या जातीच्या जागेत ठेवायची हे पाहणे ग्राफिक्स ड्रायव्हरचे मोठे काम आहे.

पहिली जात कॅशवाली. प्रोसेसर दर वेळी रॅमपर्यंत जात नाही. नेहमी लागणारा मजकूर तो जवळच्या लहानशा साठ्यात, कॅशमध्ये, ठेवतो. आई उधारी डोक्यात ठेवते आणि वहीत रात्री लिहिते, तसेच हे. आईपुरते ते झटपट असते. पण दुपारी माझा भाऊ वही पाहून वसुलीला निघाला तर? वहीत कालचा आकडा असतो. पुष्कळ यंत्रांत पडद्याला ठिपके पुरवणारा भाग अशा भावासारखाच असतो. तो थेट रॅम वाचतो, प्रोसेसरच्या कॅशमध्ये डोकावत नाही. मग पडद्यावर शिळ्या चित्राचे पट्टे उमटतात. म्हणून ड्रायव्हरला आधी डोक्यातले सगळे वहीत उतरवून घ्यावे लागते. याला कॅश फ्लश म्हणतात.

दुसरी जात बिनकॅशची. प्रत्येक आकडा तत्क्षणी वहीत. चूक होत नाही, पण काम फार रेंगाळते.

या दोहोंच्या मधली तिसरी जात मला सर्वांत आवडली. तिला 'राइट कंबाइनिंग' म्हणतात. इंटेलने १९९५ च्या पेंटियम प्रो प्रोसेसरमध्ये ती आणली. आई बंदरावरून बाजारात एकेक कोळंबी नेत नाही. पाटी भरली की एक खेप. तसेच येथे प्रोसेसर लिहिलेले बाइट एका लहान पाटीत जमवतो आणि ती भरली की, साधारण ६४ बाइट, एकदम पाठवतो. चित्र रंगवायला हे उत्तम. मात्र तेथून परत वाचायला गेलात तर पाटीचा काही उपयोग नाही. एकेक कोळंबी हातात धरून बाजारातून बंदरावर आणावी तसा प्रकार. म्हणून जेथे फक्त लिहायचे तेथे ही जात, आणि जेथे वाचायचेही आहे तेथे कॅशवाली, असा विवेक ड्रायव्हरला करावा लागतो.

एक धोका आणखी आहे. मेमरी ४,०९६ बाइटांच्या पानांत विभागलेली असते आणि प्रत्येक पानावर त्याची जात लिहिता येते. एकाच पानाला एका ठिकाणी कॅशवाले आणि दुसऱ्या ठिकाणी बिनकॅशचे म्हटले की घोटाळा झालाच. जात बदलायची तर जुन्या नोंदी सगळीकडून पुसाव्या लागतात आणि त्यात वेळ जातो. त्यासाठी लिनक्समध्ये जात बदललेली पाने परत आली की लगेच मोडत नाहीत, पुढच्या गरजेसाठी गठ्ठा करून बाजूला ठेवतात.

स्वतंत्र कार्ड असलेल्या यंत्रांत तर आणखी पेच. कार्डावरची मेमरी अतिशय वेगवान, सेकंदाला शेकडो जीबी देणारी. पण कार्ड आणि मुख्य रॅम यांच्यामधला रस्ता अरुंद, सेकंदाला साधारण १६ जीबींचा. कार्डावरची जागा भरली की ड्रायव्हर कोणाला तरी उठवून रॅममध्ये पाठवतो. मात्र पडद्यावर दिसत असलेले चित्र उठवता येत नाही, आणि ज्यावर कार्डाचे काम चालू आहे त्याला काम संपेपर्यंत हात लावता येत नाही. तराजूत असलेली मासळी कोणी उचलते का? या व्यवहारासाठी लिनक्समध्ये २००८ साली 'जेम' आणि २००९ साली 'टीटीएम' अशा दोन व्यवस्था आल्या. पहिली इंटेलच्या रॅममध्येच राहणाऱ्या ग्राफिक्ससाठी रचलेली. दुसरी अशा उठाठेवीसाठी. आपल्या जिल्ह्यात पनवेलला योट्टाचे जे मोठे डेटा सेंटर २०२० मध्ये उघडले, तेथील एच-१०० या कार्डांवर प्रत्येकी ८० जीबी मेमरी आहे. तरीही कोणाला आत ठेवायचे आणि कोणाला बाहेर, हा प्रश्न तेथेही सुटत नाही असे भाऊ म्हणतो. माझ्या ५.९ जीबींचे दुःख त्यामुळे काहीसे हलके झाले.

असो. काही लॅपटॉपांत बायोसमध्ये जाऊन तो तुकडा लहान करता येतो. माझ्या यंत्रात ती सोय नाही, आम्ही दोनदा शोधली.

दुकानात परत जायला मला चार दिवस लागले. गिऱ्हाइके असतानाच गेले, कारण चोर म्हटले होते तेही गिऱ्हाइकांसमोरच. दुकानदाराने ऐकून घेतले, चहा मागवला आणि म्हणाला, "ताई, ते सगळं एका कागदावर मराठीत लिहून द्या, मी काउंटरवर लावतो. हे भांडण माझ्याकडे दर महिन्याला होतं." तो कागद लिहून दिला. हा लेख त्याच कागदाचा वाढवलेला अवतार आहे.

आईला समजावले तेव्हा तिने एकच विचारले, "मग रातच्याला पडदा बंद केला की दोन जीबी परत देतो काय तो?" नाही देत. ड्रायव्हर वरचेवर जी रॅम उसनी घेतो ती काम झाल्यावर परत करतो. पण बायोसने कापून दिलेला तुकडा यंत्र चालू असेपर्यंत ग्राफिक्सचाच राहतो, वापरा अथवा न वापरा. आई म्हणाली, "म्हणजे सोसायटीतला राखीव गाळा. बंद असला तरी आपल्याला बसाया देत नाय."