शेततळ्याला कुंपण आहे का?

एकोडी परिसरातील आपल्या लोकांना पाणी नवे नाही. भंडारा जिल्हाच तलावांचा. मालगुजारांच्या काळातील तलाव आणि बोड्या आजही धान पिकवतात, आणि पोरे त्यातच पोहायला शिकतात. पण प्लॅस्टिक अंथरलेले शेततळे हे निराळेच पाणी आहे, हे आमच्या माय-भगिनींना सांगणे भाग आहे.

तलावाचा काठ हळूहळू उतरतो, मातीला पाय रोवता येतो. शेततळ्याच्या चारही बाजू तिरप्या आणि गुळगुळीत. त्यावर शेवाळ धरले की साबणच! आत पडलेला माणूस काठाशी येतो, हात टेकतो आणि पुन्हा खाली घसरतो. पट्टीचा पोहणाराही असा दमतो. त्याला वाचवायला दुसरा उडी घेतो आणि दोघेही जातात.

शासनाने २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आणली. कृषी खात्याकडे अर्ज करायचा, जागा मंजूर झाली की खोदायचे. त्या वेळी मोठ्यात मोठे तळे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल. म्हणजे दहा फूट पाणी! अनुदान तेव्हा ५० हजारांपर्यंत होते, २०२२ मध्ये ते ७५ हजारांपर्यंत नेले. एवढ्यात खोदकाम कसेबसे निघते. मग कुंपण 'पुढल्या वर्षी' होते.

रोवणीच्या दिवसांत आपल्या बाया दुसऱ्याच्या बांधीत राबतात, लेकरे धुऱ्यावर खेळतात. तळे मालकाचे, धोका मजुराच्या लेकराला. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत बुडून मृत्यू झाल्यास दोन लाख मिळतात, पण ते सातबारा असलेल्या कुटुंबाला. भूमिहीनाने कुठे जावे? ही गोष्ट आम्हाला सलते.

म्हणून कामावर जाण्याआधीच मालकाला विचारा, कुंपण आहे का? पुरुषभर उंच जाळी, कुलूप लागणारे फाटक, चारही बाजूंनी खुंट्याला बांधून पाण्यापर्यंत सोडलेले गाठींचे दोर, आणि हवा भरलेली एक जुनी ट्यूब. एवढे फार नाही. ग्रामसभेत हाच विषय मांडा, ठराव लिहून घ्या. बायांनी उठून बोलावे. लेकरे त्यांच्याच सोबत असतात.

कुणी पडलेच तर उडी घेऊ नका. दोर, बांबू, लुगडे, हाती येईल ते फेका. बाहेर काढलेल्याला उलटे टांगणे, पोट दाबून पाणी काढणे हे जुने प्रकार सोडा. त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास चालत नसेल तर उताणे निजवा, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच वेळा श्वास द्या. मग छातीच्या मधोमध जोराने ३० दाब आणि २ श्वास, असे न थांबता करीत राहा. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन लावावा. लेकरू शुद्धीवर आले, रडू लागले, तरी त्याला दवाखान्यात न्याच. फुप्फुसात गेलेले पाणी काही तासांनीही त्रास देते.